उलटा हात

१

शनिवारी सकाळी मावशीच्या पाळणाघरात विस्तव पेटायचा. मागच्या अंगणात, उघड्यावर, पाच पोरांच्या हातानं.

पहिल्या वर्षी एका आईनं नाक मुरडलं होतं. "मावशी, अहो एवढ्याशा पोरांच्या हातात काडेपेटी?" मावशी म्हणाली, "अगं बाई, पोर विस्तवाशी खेळणारच. पलंगाखाली लपून खेळण्यापेक्षा माझ्या डोळ्यांसमोर खेळू दे." त्या आईचं पोर पुढे चार वर्षं राहिलं आणि जाताना काडेपेटीसाठी रडून गेलं.

आताची पोरं पाच. सगळ्यांत मोठी चिमणी, सात वर्षांची. तिची आई नर्स. चिमणी तीन महिन्यांची असल्यापासून मावशीच्या मांडीवर वाढलेली. पहिला शब्द बोलली तो "माशी", आणि आई बिचारी महिनाभर घरातल्या माश्या हाकलत होती. मग जाड्या आणि बारक्या हे भाऊ. नावं पडली तेव्हा बरोबर होती, आता बारक्याच जाड झाला होता, पण पडलेलं नाव कोण उचलतो! मग काबरं. त्याला ऊन पडलं तरी "का बरं?" आणि सावली पडली तरी "का बरं?" आणि शेवटची पिटुकली, जिला अजून नाक पुसता येत नव्हतं पण वारा कुठून येतो ते बोट ओलं करून अचूक सांगता यायचं.

कामं वाटलेली होती. काबरंनं पेन्सिलींचा भुगा आठवडाभर डबीत जमवायचा. भिंतीपलीकडे छापखाना होता, तिथला बाईंडर कागदाची कात्रणं पिशवीत भरून भिंतीवरून टाकायचा. भावांनी काटक्या आणायच्या, आधी काडीएवढ्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. लहानाचं पोट आधी भरायचं, मोठ्यानं थांबायचं. आणि काडी एकच. ती विझली तर पुढच्या शनिवारपर्यंत विस्तव नाही.

"का बरं?"

"दुसरी मिळणार हे माहीत असलं, की पहिली माणूस नीट ओढत नाही, म्हणून."

पेटवताना मावशी शेजारी बसायची. बटाटे भाजून खाऊन झाले, की ती मुद्दाम उठून स्वयंपाकघरात जायची. विझवायचं काम पोरांचं. पाणी शिंपडायचं, काठीनं ढवळायचं, परत पाणी. मग ज्याची पाळी असेल त्यानं उलटा हात राखेवर टेकवायचा. तळहात नाही, तळहाताला कामाची सवय झालेली असते, तो खोटं बोलतो. हाताची पाठ खोटं बोलत नाही. हात टेकवायचा, दहा अंक मोजायचे आणि घराकडे बघून ओरडायचं, "गार आहे!"

त्या शब्दानंतर दुसऱ्या कुणी राखेला हात लावायचा नाही. मावशीनंसुद्धा नाही. हा नियम तिच्या फार अभिमानाचा. "बाकीचं सगळं तुम्हाला शाळा शिकवेल," ती म्हणायची, "पण माझ्या शब्दावर दुसरा निवांत झोपणार आहे, हे विस्तवच शिकवतो."

या महिन्यात उलट्या हाताची पाळी चिमणीची होती.

२

त्या शनिवारी पोरं एक वाजता घरी गेली. चारच्या सुमाराला मावशी दोरीवरचे कपडे काढायला अंगणात आली. चपला घरातच राहिल्या होत्या. दगडांच्या रिंगणाजवळून जाताना तिचा पाय ओल्या राखेच्या कडेवर पडला, आणि तिनं तो चटकन उचलला.

राख ऊन होती.

तापलेली असेल उन्हानं, ती म्हणाली. पण ऊन तर केव्हाच भिंतीपलीकडे गेलेलं. तिनं कपडे खांद्यावर टाकले आणि वाकून पाहिलं. रिंगणाच्या मधोमध फुटक्या कुंडीचं एक खापर पालथं घातलेलं. तिनं काडीनं ते उलथलं.

खाली बारीक चाळल्यासारख्या राखेचं घरटं होतं. कुणीतरी बोटांनी गोल गोल फिरवून केलेलं. घरट्यात एक निखारा निजलेला, सगळीकडून राखेनं लपेटलेला, आणि त्याच्यावर एक हिरवं पान. पान अजून कोमेजलंसुद्धा नव्हतं.

मावशी तशीच उकिडवी बसून राहिली. खांद्यावरचा एक टॉवेल घसरून मातीत पडला तरी तिला कळलं नाही.

निखारा असा राखून ठेवायला तिनं एकाही पोराला कधी शिकवलं नव्हतं. विझवायला शिकवलं होतं. विस्तवाला असं पांघरूण घालणारं, वर हिरवं पान ठेवणारं आणि "याला झोपवू, उद्या उठवू" म्हणणारं माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि त्याला जाऊन बेचाळीस वर्षं झाली होती.

टीव्हीवर बघितलं असेल कार्ट्यांनी, ती म्हणाली. मग तिनं दोन बादल्या पाणी ओतलं. राख फुस्सकन फुगली आणि बसली.

३

सोमवारी शाळा सुटून पोरं आली तेव्हा दुधाचे पेले वाटता वाटता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, शनिवारी खापर कुणी ठेवलं?"

"मी नाही," जाड्या म्हणाला.

"मी नाही," बारक्या म्हणाला.

काबरंनं "का बरं?" विचारलं नाही. ते मावशीच्या लक्षात आलं. तो पेल्यात बघत राहिला.

"चिमणे?"

"मी हात लावला होता मावशी. गार होती." चिमणीनं दुधाची मिशी पुसली आणि सरळ डोळ्यांत बघून सांगितलं. हे डोळे मावशीनं काजळ घालून, गोवराच्या तापात रात्र रात्र जागून सांभाळलेले. त्यांत खोटं असतं तर तिला पाण्यातल्या खड्यासारखं दिसलं असतं. तिचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या शनिवारी तिनं पोरांना दोनाऐवजी चार तांबे पाणी दिलं. चार वाजता राख ऊन. खापर, घरटं, निखारा, पान.

त्याच्यानंतरच्या सोमवारी ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरून डोकावली. बाईंडर मशीनवर कागदाची थप्पी सारखी करत होता. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, पण सगळं जग मावशी म्हणतं म्हणून तोही मावशीच म्हणायचा.

"काय हो, शनिवारी दुपारी माझ्या अंगणात कुणी येतं का?"

"येतो ना, मी. मनानं. बटाट्यांचा वास सुटला की."

"थट्टा पुरे. खरं सांगा."

"कुणी येताना तर दिसलं नाही." त्यानं थप्पी ठोकली. "पण एक सांगू का मावशी? तुमची पोरं हल्ली फार शहाणी झालीत. पूर्वी विझवताना नुसता दंगा. मला मशीनच्या आवाजातसुद्धा ऐकू यायचा. आता तुम्ही आत गेलात की पाचही जणं चिडीचूप. गोष्ट ऐकताना पोरं होतात ना, तशी. मला वाटायचं तुम्हीच परत बाहेर येऊन गोष्ट सांगताय."

"मग?"

"मग तुमच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा. आणि पोरं गप्पच."

४

मावशीचा बाप लाकडाच्या वखारीचा राखणदार होता. वखारीच्या कोपऱ्यात फळ्यांची एक खोली, तीच त्यांचं घर. सगळीकडे ओंडके, भुसा, ढलप्या. तिथे विस्तवाची भीती देवापेक्षा जास्त. म्हणून बापानं दोघी मुलींना विस्तव शिकवला. तारेच्या कुंपणाबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दगडांच्या रिंगणात. उलटा हात त्याचाच.

थोरली ताई बारा वर्षांची. तिला विस्तवाचा लळाच होता. तिला तो मेलेला बघवायचा नाही, म्हणून बापाची नजर चुकवून ती त्याला झोपवायची. धाकटी, म्हणजे मावशी, दहाची.

त्या दुपारी ताईला ताप होता. ती खोलीत पडून होती आणि धाकटी एकटीच बाहेर होती. तेवढ्यात ओंडके उतरवून मोठा ट्रक निघाला. रिकाम्या ट्रकमध्ये बसवून ड्रायव्हर पोरांना नाक्यापर्यंत चक्कर मारून आणायचा. धाकटीनं तांब्यातलं पाणी राखेवर फेकलं आणि पायात चपला सरकवल्या. आतून ताईनं विचारलं, "गार झाली का गं? मग मी झोपते."

"गार आहे!" धाकटी ओरडली. ओरडली तेव्हा ती फाटकापाशी पोचली होती.

ट्रक परत आला तेव्हा वखारीच्या त्या कोपऱ्यावर धूर उभा होता.

आईनं तिचे दोन्ही दंड धरून विचारलं, राखेला हात कुणी लावला होता? आणि दहा वर्षांच्या पोरीनं एक वाक्य सांगितलं. पुढे बापाला सांगितलं, चौकशीला आलेल्या माणसाला सांगितलं, आणि नंतर कुणी विचारायचं थांबलं तरी मनात सांगत राहिली.

"ताईनं हात लावला. तीच म्हणाली, गार आहे."

आई मरेपर्यंत म्हणायची, माझी थोरली आपल्याच निष्काळजीपणानं गेली.

५

तिसऱ्या शनिवारी बटाटे खाऊन झाल्यावर मावशी नेहमीसारखी उठली. "मी आहे गं आत," ती म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला, दोन पातेली आपटली आणि नळ तसाच वाहता ठेवून खिडकीच्या पडद्याआड उभी राहिली.

पोरं रिंगणाभोवती बसली होती. पण सारखी बसली नव्हती. भिंतीच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून, दाटीवाटीनं बसली होती. बारक्याचा गुडघा त्या जागेत गेला तर जाड्यानं तो मागे ओढला.

धूर भिंतीकडेच चालला होता. त्या रिकाम्या जागेपाशी पोचला की तो दोन्ही बाजूंनी फुटायचा आणि पुढे जाऊन परत एक व्हायचा. भिंतीला वारा अडत असेल, मावशीनं स्वतःला सांगितलं. अडतोच वारा भिंतीला.

पिटुकलीनं आपल्यातला उरलेला अर्धा बटाटा फुंकून फुंकून गार केला, आणि त्या जागेपुढे ठेवला.

कुणी बोलत नव्हतं. चिमणीनं मान कलती केली होती, कानात कुणी कुजबुजल्यावर करतात तशी. मग ती हसली. पाच डोकी एकदम हलली. हो.

चिमणीनं बोटांनी राख गोल गोल फिरवली. निखारा त्यात ठेवला. खिशातून पान काढलं. खापर घातलं. मग तिनं हात उलटा केला आणि राखेकडे नेला.

हात राखेच्या चार बोटं वर थांबला.

तिथेच थांबला. एक, दोन, तीन, चार. पाचही पोरं मान वळवून खिडकीकडे बघत होती. पडद्याकडे नाही, पडद्यामागे मावशीचा डावा डोळा जिथे होता, नेमकं तिथे.

"गार आहे!" चिमणी तिच्या त्या गोड, स्वच्छ आवाजात म्हणाली.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मावशीनं कान उपटला असता. पण ही! तीन शनिवार ही डोळ्यांत बघून हेच सांगत होती.

६

"चिमणे!" ती अनवाणीच बाहेर आली. "हात का नाही लावलास?"

पोरं उठली नाहीत.

"बोल की! खोटं बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"तूच," चिमणी म्हणाली.

"मी? मी शिकवलं?"

"ती म्हणाली, मावशी असंच करायची. आम्ही म्हटलं, आमची मावशी नाही करणार." चिमणीनं बोटांची राख फ्रॉकला पुसली. "मी भांडले पण तिच्याशी. मग ती म्हणाली, करून बघा. ती येऊन हात लावते का बघा. तीन वेळा केलं. तू आलीच नाहीस."

"नियम आहे ना, दुसऱ्यानं हात लावायचा नाही!"

"का बरं?" काबरंनं विचारलं. कितीतरी दिवसांनी. अगदी हळू.

मावशीनं त्या रिकाम्या जागेकडे न बघायचं ठरवलं होतं आणि तिची मान दुखायला लागली होती.

"कोण ती?" तिनं विचारलं.

चिमणी उठून मावशीजवळ आली, लहानपणी यायची तशी, आणि तिनं तिचा हात धरला. "मावशी, तू एकदा सांग. तुझं ऐकीन मी. त्या दिवशी हात कुणी लावला होता?"

आता बघा, इथे सगळं होतं. समोर कुणी मोठं माणूस नव्हतं, चौकशी नव्हती, आई नव्हती. सात वर्षांची एक पोर होती, आणि तिला मावशी खरी हवी होती. कुणीच नाही लावला, एवढंच म्हणायचं होतं. मावशीनं तोंडही उघडलं. पण चार आयांचे चेहरे तिच्या डोळ्यांपुढून गेले, दारावरची पाटी गेली, आणि बेचाळीस वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं ते वाक्य जिभेवरून आपोआप घरंगळलं.

"ताईनं," ती म्हणाली. "ताईनंच लावला होता."

चिमणीनं तिचा हात सोडला.

"बरं," ती म्हणाली.

धूर भिंतीकडून वळला. झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. तो सावकाश रिंगणावरून आला आणि मावशीच्या तोंडावर बसला. तिनं डोळे चोळले. उघडले तेव्हा पोरं घरात जाऊन दप्तरं घेत होती, रिंगणात खापर तसंच पालथं होतं, आणि पिटुकलीनं ठेवलेल्या बटाट्याचं नुसतं साल उरलं होतं.

तिनं खापर उलथलं. घरटं रिकामं होतं.

७

एक वाजता आया आल्या. फाटकात नेहमीची गडबड. चपला, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा मोजा हरवलेला. मावशी पोरामागून पोराला धरून कानात विचारत होती, "निखारा कुठाय रे? सांग ना सोन्या."

"झोपवला," जाड्या म्हणाला.

"कुठे?"

"घरात," बारक्या म्हणाला, आणि त्याच्या आईनं त्याला स्कूटरवर उचलून बसवला.

चिमणीची आई सगळ्यांत शेवटी आली, दवाखान्याच्या कपड्यांतच. नाक वर करून तिनं वास घेतला. "धूर कसला येतोय गं? विस्तव नीट विझवलात ना?"

मावशी ऐकत होती. चिमणीनं तिच्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत. पाण्यात खडा नव्हता.

"हो आई. मावशीनं हात लावला. तीच म्हणाली, गार आहे."

"मग काय प्रश्नच नाही," आई हसली. "येते हं मावशी." फाटकाची कडी लागली. चिमणीनं मागे वळून पाहिलं नाही.

मावशी घरात धावली. स्वयंपाकघर. शेगडी बंद. कागदांची पिशवी थंड. खेळण्यांची पेटी उलटी केली. धुराचा वास मात्र खरा होता, ओल्या भुशाचा, वखारीचा. तो पोरांच्या झोपायच्या खोलीतून येत होता.

तिथे कोपऱ्यात दुपारच्या झोपेच्या पाच गाद्या एकावर एक रचलेल्या. तिनं वरच्या गादीवर उलटा हात टेकवला. दहा अंक मोजले. गार. ती बाजूला काढली. दुसरी. गार. तिसरी. गार. चौथी काढली तेव्हा खाली शेवटची उरली, हिरवी, चिमणीची. तीन महिन्यांच्या पोरीसाठी म्हणून मावशीनं आपल्या जुन्या चादरींची शिवलेली, पोरीबरोबर दर वर्षी वाढवलेली. तिच्यावर पांघरूण नीट चारी बाजूंनी खोचलं होतं. पांघरुणाखाली कुणीतरी कुशीवर निजल्यासारखा उंचवटा होता. आणि उशीच्या जागी एक हिरवं पान.

मावशीनं हात उलटा केला. तो पुढे नेला. उंचवट्याच्या चार बोटं वर तो थांबला, आणि काही केल्या खाली जाईना.

"मावशी!" भिंतीपलीकडून बाईंडरची हाक आली. मशीन बंद झालं होतं. "मावशी, अहो धूर दिसतोय तुमच्या खिडकीतून! येऊ का? सगळं ठीक आहे ना?"

तिनं ओरडायला तोंड उघडलं. घशात धूर गेला आणि आवाज फुटला नाही.

"गार आहे!" कुणीतरी ओरडलं. तिच्या शेजारून, तिच्या कमरेएवढ्या उंचीवरून. आवाज ताईचा नव्हता. तो दहा वर्षांच्या मुलीचा होता, घाईतला, धावता धावता फेकलेला. मावशीनं तो लगेच ओळखला. माणूस स्वतःचा आवाज विसरत नाही.

"बरं बरं," बाईंडर म्हणाला.

पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.